सिरिंजचं तोंड, माणसाचं तोंड

सदाफुली आपल्याकडे मुद्दाम लावावी लागत नाही. कुंपणाच्या कडेला, पडक्या भिंतीच्या फटीत, बाल्कनीतल्या कुंडीत ती आपली बारा महिने फुलत असते. या झाडापासून विंक्रिस्टिन नावाचं औषध मिळतं. रक्ताच्या कॅन्सरने ग्रासलेली असंख्य मुलं आज जिवंत आहेत, त्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. मात्र ते शिरेतूनच द्यायचं असतं. तेच औषध पाठीच्या मणक्यातून मेंदूभोवतीच्या द्रवात गेलं, तर मज्जातंतू जळत जातात आणि रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

४ जानेवारी २००१ रोजी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात, क्वीन्स मेडिकल सेंटर या मोठ्या सरकारी रुग्णालयात, १८ वर्षांचा एक मुलगा केमोथेरपीसाठी आला. त्याचा आजार आटोक्यात आलेला होता. तो उलटू नये म्हणून औषधं चालू होती. सकाळची वेळ चुकल्यामुळे तो पोहोचला तेव्हा दुपार उलटून गेली होती. त्याला सायटाराबिन त्या दिवशी मणक्यातून द्यायचं होतं आणि विंक्रिस्टिन दुसऱ्या दिवशी शिरेतून. वेगळे दिवस, वेगळे मार्ग. पण सोयीसाठी दोन्ही औषधं वॉर्डात एकदमच पाठवण्याचा रिवाज पडला होता, आणि त्याप्रमाणे दोन्ही भरलेल्या सिरिंज एकत्रच समोर आल्या.

इंजेक्शन देणारे डॉक्टर दोन होते. एक शिकाऊ, आणि त्याच्यावर देखरेख करणारा रजिस्ट्रार. रजिस्ट्रारला त्या रुग्णालयात रुजू होऊन मोजके दिवस झाले होते. पहिली सिरिंज मणक्यातल्या सुईला लागली, औषध गेलं. रजिस्ट्रारने दुसरी पुढे केली आणि औषधाचं नाव वाचलं. शिकाऊ डॉक्टर चमकला. विंक्रिस्टिन? मणक्यातून? त्याने विचारलं. रजिस्ट्रारने हो म्हटलं. मणक्यातून द्यायचं आणखी एक औषध असतं, मेथोट्रेक्सेट. तोंडाने विंक्रिस्टिन म्हणताना त्याच्या डोक्यात ते घोळत होतं. शिकाऊ डॉक्टरने मग पुन्हा विचारलं नाही. सिरिंजचं तोंड सुईत अलगद बसलं. काही मिनिटांतच चूक लक्षात आली, धावपळ झाली, शस्त्रक्रियेने औषध धुऊन काढण्याचाही प्रयत्न झाला. २ फेब्रुवारीला तो मुलगा गेला.

या प्रकरणात त्या दिवशीच्या दोन गोष्टींकडे मला पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं. एक, ते सिरिंजचं तोंड, जे चुकीच्या सुईतही तितक्याच सहज बसलं. दुसरी, त्या शिकाऊ डॉक्टरचं तोंड, जे एकदा उघडलं आणि मिटलं. पुढच्या पंचवीस वर्षांत ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, रुग्णसुरक्षेसाठी जे जे केलं, ते जवळजवळ सगळं या दोन तोंडांपाशी येऊन मिळतं.

चौकशी ब्रायन टॉफ्ट यांच्याकडे सोपवली गेली. टॉफ्ट जोखमीचा आणि दुर्घटनांचा अभ्यास करणारे. अशी घटना एका माणसाच्या किंवा चार माणसांच्या चुकीने घडत नाही, माणसं, नियम, वस्तू आणि सवयी यांचा गुंता तिच्यामागे असतो, असं त्यांना दिसून आलं. सोयीसाठी वाकवलेला नियम, नवख्या माणसावर टाकलेली जबाबदारी, एकसारखी लेबलं, एकसारख्या सिरिंज. यातली एकेक गोष्ट रोज चालून जात होती. त्या दिवशी सगळ्या एका ओळीत आल्या. मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हेच समजावून सांगितलं होतं. एकामागे एक धरलेल्या चाळण्यांची भोकं सहसा जुळत नाहीत, पण कधीतरी जुळतात, आणि मग खडा आरपार जातो. रजिस्ट्रारवर खटला चालला, त्याने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, तुरुंगवास भोगला. त्या शिक्षेने देशातल्या इतर वॉर्डांतली एकही सिरिंज बदलली नाही.

सगळ्यात जड जाणारी गोष्ट ही की हे माहीत होतं. नॉटिंगहॅमच्या सात महिने आधी, जून २००० मध्ये, इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी लियम डोनाल्डसन यांच्या समितीने एक अहवाल दिला होता. त्याचं नावच मोठं बोलकं होतं: ‘अ‍ॅन ऑर्गनायझेशन विथ अ मेमरी’, म्हणजे आठवण ठेवणारी संस्था. रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर दहा रोग्यांमागे सुमारे एकाला उपचारांतूनच काही ना काही इजा होते, म्हणजे वर्षाला साडेआठ लाखांवर घटना, असा त्यात अंदाज होता. या घटना पुन्हा पुन्हा त्याच असतात, हे त्याहून महत्त्वाचं. १९८५ पासून मणक्यातल्या चुकीच्या इंजेक्शनने किमान १३ रुग्ण दगावले होते किंवा लुळे पडले होते. दर वेळी चौकशी, दर वेळी हळहळ, आणि मग दुसऱ्या शहरात पुन्हा तेच. २००१ संपेपर्यंत ही चूक शून्यावर आणायची, असं उद्दिष्ट अहवालाने लिहून ठेवलं होतं. त्याच वर्षाच्या चौथ्या दिवशी नॉटिंगहॅम घडलं.

एनएचएस १९४८ पासून सगळ्या देशाची एक सेवा आहे. पैसा एका तिजोरीतून येतो, नाव एक, निळी पाटी एक. मग एका रुग्णालयाचा धडा दुसऱ्याला कसा कळत नाही? याचं उत्तर एका साध्या गोष्टीत दिसतं. वॉर्डात कुणाचं हृदय बंद पडलं की सिस्टर फोन उचलून आतला एक नंबर फिरवते आणि तातडीची टीम धावत येते. पाहणी केली तेव्हा आढळलं की निरनिराळ्या रुग्णालयांमध्ये या कामासाठी २७ वेगवेगळे नंबर चालू होते. शिकाऊ डॉक्टर दर काही महिन्यांनी रुग्णालय बदलतात, बदली परिचारिका आज इथे तर उद्या तिथे. समोर माणूस निळा पडत असताना नंबर आठवायचा. २००४ मध्ये सगळीकडे एकच नंबर ठरवायला सांगितलं गेलं: २२२२. यात नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. देशव्यापी व्यवस्था असण्याचा खरा फायदा काय, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देईन. एकदा ठरवलं की सगळ्यांसाठी ठरतं. फक्त ठरवायला छप्पन्न वर्षं लागली.

हे ठरवणारी संस्था होती नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सी, २००१ च्या जुलैमध्ये स्थापन झालेली. तिची पहिली सूचना २००२ ची. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण दिसायला पाण्यासारखं. साध्या सलाईनच्या किंवा इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्यूलशेजारी ठेवलं तर रात्रीच्या अपुऱ्या उजेडात घाईचा हात कुठेही जाऊ शकतो. पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. एजन्सीने ‘नीट वाचून घ्या’ असं सांगणारी पाटी लावायला सांगितली नाही. तिने त्या अँप्यूलच साध्या वॉर्डांतून उचलायला सांगितल्या. अतिदक्षता विभागासारख्या मोजक्या जागी त्या कुलपात ठेवायच्या, बाकीकडे आधीच पातळ केलेल्या पिशव्या वापरायच्या. जे कपाटात नाही ते चुकून हातात येत नाही.

मला वाटतं, रुग्णसुरक्षेतलं हे सगळ्यात मोलाचं शहाणपण आहे. ‘सावध राहा’ हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुबळा उपाय. चौदा तास उभ्या असलेल्या माणसाला सावध राहायला सांगणं म्हणजे त्याच्या थकव्याला दटावणं. थकलेल्या माणसाच्या हातूनही चूक होणार नाही अशी वस्तू बनवणं, अशी मांडणी करणं, हे काम महाग आहे, किचकट आहे, आणि टिकतं तेच.

विंक्रिस्टिनचंच पाहू. नॉटिंगहॅमनंतर नियम कडक झाले. मणक्यातलं केमो कोण देऊ शकतं त्यांची यादी असावी, ते ठरलेल्या खोलीत, दिवसा, कामाच्या वेळेतच द्यावं, शिरेतलं औषध देऊन झाल्याशिवाय मणक्यातलं औषध फार्मसीतून बाहेर पडूच नये. हे नियम चांगले होते आणि त्यांनी जीव वाचवले असतील. तरी ते माणसाने पाळायचे नियम होते. २००८ मध्ये एजन्सीने पुढचं पाऊल टाकलं: मोठ्या आणि किशोरवयीन रुग्णांसाठी विंक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरायचंच नाही, ५० मिलिलिटरच्या छोट्या सलाईनच्या पिशवीत घालूनच वॉर्डात पाठवायचं. मणक्यात द्यायचं औषध सिरिंजभर असतं, ते बोटाच्या दाबाने जातं. सलाईनची पिशवी हातात आली की ती खांबाला अडकवायची असते, हे हाताला आपोआप कळतं. लेबल न वाचणाऱ्यालाही पिशवी थांबवते.

आणि मग ते तोंड. सिरिंज आणि सुई जोडणारा निमुळता सांधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये तयार झाला. लूर या कारागिरांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. तो इतका सोयीचा ठरला की शिरेतलं इंजेक्शन, मणक्यातली सुई, भुलीची बारीक नळी, सगळ्यांना तोच बसला. सगळं सगळ्याला बसतं, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. स्वयंपाकघरात पाण्याचा नळ आणि गॅसची नळी एकमेकांत बसत असत्या तर आपण एक दिवस झोपलो नसतो. रुग्णालयांनी शंभर वर्षं तसंच काम केलं. डिझेलच्या पंपाचं जाड नोझल पेट्रोलच्या गाडीच्या टाकीत जात नाही, ही तजवीज मोटारींसाठी कधीच झाली होती.

मणक्यासाठी वेगळा, किंचित बारीक सांधा करायचा, जो शिरेच्या सिरिंजला बसणारच नाही, ही कल्पना सांगायला एक वाक्य पुरतं. प्रत्यक्षात तिचं आंतरराष्ट्रीय मानक २०१६ मध्ये छापलं गेलं, आणि इंग्लंडमध्ये सगळ्या रुग्णालयांना त्यावर यायला सांगणारी तातडीची सूचना निघाली २०२४ च्या जानेवारीत. मधली वर्षं कशात गेली? रुग्णालयं म्हणत, नवी सुई मिळाली तर घेऊ, पण तिच्या जोडीची सिरिंज, फिल्टर, नळी, सगळं मिळालं पाहिजे. एकच वस्तू राहिली तर ऐन वेळी काम अडेल. कंपन्या म्हणत, मागणी आली तर बनवू. अर्धा जुना, अर्धा नवा माल असलेलं कपाट पूर्ण जुन्या कपाटापेक्षा धोक्याचं, हेही खरं. या अडचणी खोट्या नव्हत्या. पण अशा कोंडीतून सुटायचं तर कुणीतरी सगळ्यांच्या वतीने तारीख ठरवावी लागते, आणि ती ठरवायला नॉटिंगहॅमपासून तेवीस वर्षं गेली.

*

आता दुसरं तोंड. हे बदलणं कारखान्यात होत नाही.

२००३ पासून एनएचएसने चुकांच्या आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी देशभरातून एका ठिकाणी गोळा करायला सुरुवात केली. विमान वाहतुकीत हे आधीपासून चालत आलं होतं: वैमानिकाने आपली चूक स्वतः कळवावी, शिक्षेची भीती नसावी. नोंदींचा ओघ पुढे वर्षाला वीस लाखांच्या वर गेला. ज्या संगणकप्रणालीवर पुष्कळ रुग्णालयं ही नोंद करत तिचं नाव डेटिक्स, आणि वॉर्डातल्या बोलण्यात त्याचं क्रियापद झालं. चूक ‘डेटिक्स करायची’. पण पाहता पाहता हे वाक्य धमकीसारखंही वापरलं जाऊ लागलं, ‘थांब, तुझं डेटिक्स करते’ असं. शिकण्यासाठी काढलेली वही तक्रारवही झाली. ज्या ठिकाणी वरिष्ठाला प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा समजला जातो, तिथे खिडकी कितीही मोठी केली तरी माणसं पडदा ओढूनच बसतात.

ब्रिस्टल शहरातल्या रुग्णालयाचा इतिहास त्याआधीच सगळ्यांसमोर आला होता. स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ १९८८ मध्ये तिथे आले. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया फार वेळ चालतात आणि फार मुलं दगावतात, असं त्यांना दिसलं. त्यांनी आकडे मांडले, १९९० मध्ये रुग्णालयाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही. १९९५ च्या जानेवारीत दीड वर्षाच्या एका बाळाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा आदल्या संध्याकाळी बैठक बसली. बोल्सिन यांनी विरोध केला, बाकीच्यांनी पुढे जायचं ठरवलं, आणि ते बाळ टेबलावर गेलं. इयन केनेडी यांच्या चौकशी समितीने २००१ मध्ये सांगितलं की १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं, जी इतर ठिकाणी वाचली असती, तिथे दगावली. बोल्सिन तोवर ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते.

कुणाला बोलतं करायचं असेल तर त्याला एकदा बोलायला लावावं, हा उपाय ज्याने जगभर नेला तो सर्जन मराठी घरातला. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. शेतकऱ्याच्या घरातून शिकून ते अमेरिकेत सर्जन झाले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीची १९ मुद्द्यांची यादी बनवली आणि आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली. त्यांत दिल्ली होतं आणि लंडनही. शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये छापून आले आणि त्याच महिन्यात एनएचएसने ती यादी सगळ्यांना लागू केली.

त्या यादीत एक मुद्दा पहिल्यांदा वाचताना अगदीच किरकोळ वाटतो. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. ओटीतली सिस्टर, भूलतज्ज्ञ, नवखा शिकाऊ, सगळ्यांनी. ज्याने खोलीत एकदा आवाज काढला आहे त्याला पुढे काही खटकलं तर दुसऱ्यांदा आवाज काढणं सोपं जातं. नॉटिंगहॅमचा तो शिकाऊ डॉक्टर आठवतो. त्याची शंका बरोबर होती. कमी पडलं ते तिच्यामागचं बळ.

मात्र कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांवर हीच यादी लागू झाली आणि २०१४ मध्ये त्याचा हिशेब मांडला गेला, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. यावर पुष्कळ वाद झाले. यादी वरून आदेशाने आली आणि खुणा करण्यापुरती भरली गेली तर ती केसपेपरमधला आणखी एक कागद होते, हे मला त्यातून पटतं. नाव सांगायला लावता येतं; ऐकणाऱ्याने मान वर करून पाहावं हे आदेशात बसत नाही.

ऐकून न घेण्याचं टोक इंग्लंडातल्या स्टॅफर्ड गावात गाठलं गेलं. २००५ ते २००९ या काळात तिथल्या रुग्णालयात बेल वाजवून कुणी येत नव्हतं, म्हातारी माणसं ओल्या अंथरुणात पडून राहत, तहानेने व्याकूळ झालेल्यांनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याचं नातेवाइकांनी सांगितलं. व्यवस्थापनाचं लक्ष मात्र एक कोटी पौंडांच्या बचतीकडे आणि रुग्णालयाला वरचा दर्जा मिळवण्याकडे होतं. तो दर्जा मिळालाही, २००८ मध्ये. आई गमावलेल्या ज्युली बेली यांनी आपल्या कॅफेत अशा कुटुंबांना गोळा केलं आणि चौकशीची मागणी लावून धरली. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ मध्ये आला, २९० शिफारशींचा. बेली यांना गावातल्याच काही लोकांनी इतकं छळलं, आईच्या थडग्याची नासधूस करण्यापर्यंत, की त्यांनी गाव सोडलं. चांगुलपणाचं संरक्षण करायला निघालेले लोक कधीकधी संस्थेचंच संरक्षण करत बसतात, आणि हे फक्त इंग्लंडात घडतं असं नाही.

स्टॅफर्डनंतर २०१४ मध्ये कायदा झाला. उपचारात गंभीर इजा झाली तर रुग्णालयाने ती स्वतःहून रोग्याला किंवा नातेवाइकांना सांगायची, माफी मागायची आणि काय झालं ते लिहून द्यायचं. अमेरिकेतले डॉक्टर डॉन बर्विक यांना सरकारने त्याच सुमारास सल्ल्यासाठी बोलावलं होतं. भीतीने सुरक्षितता येत नाही, हे त्यांनी निःसंदिग्ध सांगितलं. २०१७ मध्ये आरोग्यसेवेसाठी स्वतंत्र तपास शाखा सुरू झाली आणि तिच्या प्रमुखपदी आणला गेला विमान अपघातांचा माजी मुख्य तपासनीस, कीथ कॉनराडी. दोष ठरवणं तिच्या कामातच नव्हतं.

एक कागद मात्र मनापासून कौतुक करावं असा. २०१२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सगळ्या देशासाठी एकच चार्ट काढला. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप. प्रत्येकाला गुण, सगळ्यांची बेरीज. बेरीज पाच झाली तर डॉक्टरने तातडीने पाहावं, सात झाली तर अतिदक्षतेची माणसं बोलवावीत. पूर्वी रात्रपाळीची सिस्टर झोपलेल्या वरिष्ठाला फोन करून ‘पेशंट बरा वाटत नाही’ म्हणे आणि बोलणी खाई. आता ती ‘सात’ म्हणते.

पण आकड्यांच्या आधी आईला कळतं. २०२१ च्या उन्हाळ्यात १३ वर्षांची मार्था मिल्स सायकलवरून पडली, हँडल पोटात लागून स्वादुपिंडाला इजा झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये जंतुसंसर्ग रक्तात पसरत गेला. आईवडील सांगत राहिले, आईने सेप्सिसची भीतीही बोलून दाखवली. ३१ ऑगस्टला मार्था गेली. वेळीच आयसीयूत हलवली असती तर ती बहुधा वाचली असती, असं पुढच्या वर्षी मृत्यू-चौकशीत नोंदलं गेलं. तिची आई मेरोप मिल्स पत्रकार आहे. तिने लिहिलं, आणि लिहीतच राहिली.

२०२४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला. वॉर्डाच्या भिंतीवर एक फोन नंबर लावलेला असतो. रोग्याची तब्येत ढासळते आहे आणि कुणी मनावर घेत नाही असं वाटलं, तर रोगी, त्याची बायको, आई, कुणीही, दिवसा किंवा मध्यरात्री, तो फिरवायचा. मग उपचार करणाऱ्या टीमबाहेरची अतिदक्षतेची माणसं येऊन पाहून जातात. आईवडिलांचं ऐकून उपचार बदलल्याची उदाहरणं लवकरच पुढे येऊ लागली. सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टरही तो मार्ग वापरू शकतात, वरिष्ठाची परवानगी न घेता.

या नियमाचा आणखी एक भाग आहे, त्याची बातमी फारशी झाली नाही. सिस्टर सकाळी नाडी आणि ताप पाहायला येते तेव्हा तिने रोग्याला रोज एक प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर बाकीच्या आकड्यांसारखंच लिहून ठेवायचं: कालच्यापेक्षा आज बरं वाटतंय, की जास्त त्रास होतोय?